‘नॉट फॉर ब्रॉडकास्ट’: बीपच्या बटणामागचा इतिहास

काम पुरते झाले नसतानाच जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आलेला आणि २५ जानेवारी २०२२ रोजी पूर्णत्वास गेलेला ‘नॉट फॉर ब्रॉडकास्ट’ हा व्हिडिओ गेम एका वृत्तवाहिनीच्या नियंत्रण कक्षात घडतो. काळ १९८० च्या दशकाचा आहे आणि देश काल्पनिक असला तरी ब्रिटनसारखाच आहे. कक्षाचा नेहमीचा संपादक परदेशी पळून जातो, सफाई कामगाराला फोनवरूनच घाईघाईने काम समजावतो आणि त्या दिवसापासून कोणत्या कॅमेऱ्याचे दृश्य दाखवायचे, कोणती जाहिरात लावायची आणि कोणत्या शब्दावर बीप वाजवायचा हे तो कामगार, म्हणजेच खेळाडू, ठरवू लागतो. एका पडद्यावर स्टुडिओत चाललेले दिसते, तर दुसऱ्यावर तेच काही क्षण उशिरा, म्हणजे प्रेक्षकांपर्यंत पोहोचते तसे. सारे नाट्य या काही क्षणांच्या फटीत आहे.

सुरुवातीला बीप फक्त शिव्यांसाठी असतो. नंतर नवे सरकार स्थिरावते आणि झाकायच्या शब्दांमध्ये राजकीय वाक्येही येतात; बटण मात्र तेच राहते. माझ्या मते गेममधील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय हाच आहे, आणि त्यामागे ब्रिटिश प्रसारणाचा प्रत्यक्ष अनुभव दिसतो. तिथे बातमीवरील बंधन उघड हुकमापेक्षा कार्यालयीन नियमाच्या रूपाने येत असे. संसदेत पंधरवड्याच्या आत येणाऱ्या विषयावर रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवर चर्चा नको, हा दंडक १९४४ पासून पाळला जात होता आणि इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून उद्भवलेल्या संकटानंतर, १९५६ च्या अखेरीस, तो स्थगित झाला. १९८५ मध्ये उत्तर आयर्लंडवरील एक माहितीपट सरकारच्या विनंतीनंतर रोखला गेला, तेव्हा पत्रकारांनी एक दिवसाचा संप केला. किरकोळ बदल करून तो पुढे दाखवावाच लागला.

तरीही १९ ऑक्टोबर १९८८ रोजी जाहीर झालेल्या आदेशापुढे हे सारे सौम्य वाटते. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडला जोडावे, यावरून चाललेल्या सशस्त्र संघर्षातील ११ संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करण्यास या आदेशाने मनाई केली. दहशतवाद्यांना प्रसिद्धीचा प्राणवायू मिळू नये, हे समर्थन तत्कालीन पंतप्रधानांनी १९८५ मध्येच मांडले होते. हिंसाचारात बळी पडलेल्यांच्या घरात मारेकऱ्यांच्या समर्थकांचा आवाज घुमू नये, ही भावना खोटी नव्हती. परंतु आदेशाची अंमलबजावणी कशी करायची या प्रश्नावर त्याचे हसे झाले. बंदी थेट आवाजावर होती. चेहऱ्यावर नव्हती आणि बोललेल्या मजकुरावरही नव्हती. त्यामुळे वाहिन्यांनी आधी उपशीर्षके वापरली आणि मग नटांना बोलावून तीच वाक्ये त्यांच्या तोंडून वदवली. बंदी असलेल्या संघटनांपैकी एक पक्ष कायदेशीर होता आणि त्याचा एक नेता संसदेवर निवडून आलेला होता. तो पडद्यावर बोलताना दिसे, त्याचे ओठ हलत आणि आवाज मात्र एखाद्या नटाचा असे. निवडणूक प्रचाराच्या काळात मात्र सूट होती, म्हणजे मतदानापर्यंत ऐकू येणारा आवाज मतदान संपताच पुन्हा निषिद्ध! पत्रकारांनी न्यायालयात दाद मागितली, पण १९९१ मध्ये सर्वोच्च स्तरावरही त्यांच्या हाती काही लागले नाही. अखेर या संघर्षातील शस्त्रसंधीनंतर, १६ सप्टेंबर १९९४ रोजी, बंदी उठली. शेजारच्या आयर्लंडमधील अधिक कडक बंदी त्याच वर्षीच्या जानेवारीत संपली होती. इतका हास्यास्पद नियम गेमच्या लेखकांनी कल्पनेतून रचला असता, तर अतिशयोक्तीचा आक्षेप नक्कीच आला असता.

खऱ्या नटांना घेऊन कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांवर आधारलेल्या गेमची परंपरा याच काळातली. १९९२ च्या ‘नाइट ट्रॅप’वरून अमेरिकी सिनेटमध्ये वाद झाला आणि १९९४ मध्ये गेमसाठी वयोमानानुसार वर्गीकरणाची व्यवस्था आली. त्यानंतर हा प्रकार मागे पडला आणि २०१५ च्या ‘हर स्टोरी’मुळे पुन्हा नजरेत आला. दरम्यान २०१३ च्या ‘पेपर्स, प्लीज’ने, सत्तेसाठी राबणाऱ्या साध्या कारकुनाची नोकरी हाच खेळ होऊ शकतो, हे दाखवून दिले होते. ‘नॉट फॉर ब्रॉडकास्ट’ने या दोन वाटा एकत्र आणल्या, पण त्यासाठी जवळजवळ ४३ तासांचे चित्रीकरण करावे लागले, कारण खेळाडूच्या प्रत्येक निवडीसाठी वेगळी दृश्ये हवी होती.

चित्रीकरण चालू असतानाच महासाथ आली. २०२० मध्ये कलाकारांनी आपापल्या घरी राहून टाळेबंदीवरचा एक विशेष भाग केला आणि मुख्य कथा लांबली. पूर्ण आवृत्तीनंतरचा वाद मात्र राजकारणाचा आहे. गेममधले नवे सरकार श्रीमंतांची संपत्ती वाटून टाकण्याच्या आश्वासनावर सत्तेत येते आणि त्याला विरोध करणारेही हिंसेला मागे हटत नाहीत, म्हणून हे व्यंग्य डाव्यांवर आहे की सर्वांवर, यावर एकमत नाही. मला हा वाद काहीसा अस्थानी वाटतो, कारण या गेममध्ये सरकार कोणत्या विचारांचे आहे यापेक्षा बटणावरच्या माणसाला काय सहज वाटू लागते, यावर अधिक वेळ खर्च झाला आहे. मात्र शेवटच्या भागांत लेखकांनी दोन्ही बाजूंना समान दोष देण्याची जरा घाई केली आहे, हे मान्य करायला हवे.