भयपटाच्या पहिल्या दृश्यातला ‘न ऐकू येणारा’ आवाज

भयपटाच्या सुरुवातीला कानाला ऐकू न येणारा आवाज लपवलेला असतो आणि त्यानेच छातीत धडधडतं, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटण्यासारखा आहे, कारण धडधड खरीच होते.

माणसाला साधारण २० हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला २० कंपनं) पुढचे आवाज ऐकू येतात. त्याखालचा आवाज जाणवेल इतका काढायला मोठे, खास स्पीकर लागतात. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला ते जमतच नाही. तरीही मोबाईलवर भयपट बघताना आपण दचकतोच ना?

मग भीती येते कुठून? १९७५ च्या ‘जॉज’ या शार्कवरच्या सिनेमाचं पहिलं दृश्य घ्या. रात्रीचा समुद्र, एकटी पोहणारी मुलगी. कॅमेरा पाण्याखालून तिचे हलणारे पाय बघतो. खाली कुणीतरी आहे हे आपल्याला कळलंय, तिला नाही. ‘बाहेर ये गं’ असं ओरडावंसं वाटतं. शार्क त्या दृश्यात एकदाही दिसत नाही. तिच्यासोबत आलेला मुलगा किनाऱ्यावर नशेत पडलेला, आणि शेवटी शांत पाण्यावर तरंगणाऱ्या बोयावर (खुणेच्या पिंपावर) वाजणारी घंटा. मला तर त्या घंटेचीच जास्त भीती वाटते.

स्वतः तपासून बघा. हे दृश्य मोबाईलच्या स्पीकरवर बघा, मग आवाज पूर्ण बंद करून. दुसऱ्यांदा ताण बराच उतरलेला जाणवेल. म्हणजे आवाजाचा वाटा मोठा आहेच, पण तो चांगला ऐकू येणाऱ्या आवाजाचा: पार्श्वसंगीतातले हळूहळू जवळ येणारे दोन सूर, आणि त्यांच्यानंतरची शांतता.