भागाकाराचा लॉग आणि लॉगचा भागाकार

लॉगॅरिदम, म्हणजेच लॉग, सांगतो की एका ठरलेल्या संख्येचा (तिला पाया म्हणतात) कितवा घात घेतला की दिलेली संख्या मिळते. त्याचे नियम शिकवून झाले की अकरावीच्या वह्यांमध्ये एक ओळ हमखास सापडते: लॉग ८ ÷ लॉग २ = लॉग ८ − लॉग २. लॉग (अ/ब) = लॉग अ − लॉग ब हा नियम पाठ नसतो असं नाही. उलट तो पाठ असतो म्हणूनच ही चूक होते. ‘भागाकार दिसला की वजाबाकी’ एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं असतं. भागाकार कंसाच्या आत आहे की बाहेर, हे पाहायचं राहून जातं.

लॉग (८/२) मध्ये आधी भागायचं. ४ मिळतात, मग ४ चा लॉग: पाया १० धरला तर ०.६०२१. लॉग ८ − लॉग २ म्हणजे ०.९०३१ − ०.३०१०, उत्तर तेच येतं. लॉग ८ ÷ लॉग २ मध्ये मात्र आधी दोन्ही लॉग काढायचे आणि मग भागायचं. उत्तर ३. काही मुलं तिसऱ्याच वाटेने जातात: अंशातला आणि छेदातला ‘लॉग’ काटतात आणि ८/२ = ४ लिहितात. लॉग ही गुणणारी संख्या नाही, ती संख्येवर करायची क्रिया आहे. ती एकटी काटता येत नाही.

दोन्ही नियम घातांकांतूनच येतात, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. अ = १० चा म घात आणि ब = १० चा न घात असेल, तर अ/ब = १० चा (म − न) घात. म्हणून वजाबाकी. दुसऱ्यात प्रश्न असा आहे: ब चा कितवा घात अ होतो? तो घात क मानू. ब चा क घात = अ. दोन्हीकडे लॉग घेतला की क × लॉग ब = लॉग अ, म्हणून क = लॉग अ ÷ लॉग ब. हेच पाया बदलण्याचं सूत्र. लॉग ८ ÷ लॉग २ म्हणजे ‘पाया २ घेतला तर ८ चा लॉग किती’, आणि ते ३ च असणार.

आता एक फरक, जो वर्गात फारसा सांगितला जात नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाया बदलून पाहा. पाया १० असताना लॉग (८/२) ०.६०२१ होता, पाया २ केला की तो २ होतो. लॉग ८ ÷ लॉग २ मात्र पाया १० असो, २ असो की ई (सुमारे २.७१८ ही संख्या) असो, ३ च राहतो. पहिल्याचं उत्तर पायावर अवलंबून आहे, दुसऱ्याचं नाही. ज्या दोन गोष्टींपैकी एक पायाबरोबर हलते आणि दुसरी हलत नाही, त्या एकच कशा असतील? हुशार मुलांना हा युक्तिवाद आकडेमोडीपेक्षा जास्त पटतो.

वापरातही दोघांचे रस्ते वेगळे. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम मांडले तेच मोठे गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीवर आणण्यासाठी. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला कॅलक्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तिथे मुलं भागाकारासाठी वजाबाकी करून अँटीलॉग (लॉगवरून परत मूळ संख्या) काढतात, तो पहिला नियम. रसायनशास्त्रात पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा पाया १० चा लॉग, चिन्ह उलटं करून; पीएच ४ आणि पीएच ७ मधला फरक ३, म्हणून हायड्रोजन आयनांच्या संहतीत १००० पट अंतर, हाही पहिलाच. पण ‘दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ व्याजाने रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल’ असं विचारलं, तर लॉग २ ÷ लॉग १.०८ लागतं: ०.३०१० ÷ ०.०३३४, म्हणजे सुमारे ९ वर्षं. ‘किती वेळा’, ‘किती वर्षांनी’ असा प्रश्न असेल तर बहुतेकदा लॉगचा भागाकार येतो.

चूक दाखवायला संख्या घालून पाहणं हा उत्तम उपाय, पण संख्या निवडताना शिक्षकांनी जपायला हवं. फळ्यावर सहज सुचणारं उदाहरण म्हणजे ४ आणि २. लॉग ४ ÷ लॉग २ = २. ‘लॉग’ काटणाऱ्या मुलालाही ४/२ = २ च मिळतं, आणि त्याची चूक बरोबर ठरते! यामागे कारण आहे: २ चा ४ था घात आणि ४ चा २ रा घात दोन्ही १६. वेगवेगळ्या धन पूर्णांकांची अशी जोडी ही एकच, आणि नेमकी तीच हाताशी येते. तसंच १०००० आणि १०० चं. पाया १० धरून लॉग (१००००/१००) = ४ − २ = २, आणि लॉग १०००० ÷ लॉग १०० = ४ ÷ २ = २. इथे वजाबाकी करणाराही सुटतो. १००० आणि १० घ्या: एकीकडे २, दुसरीकडे ३, आणि काटणाऱ्याला १००. तिन्ही वाटा वेगळ्या दिसतात.

सरावासाठी नियमांची वीस सुटी गणितं देण्यापेक्षा जोड्या द्याव्यात. उदाहरणार्थ, दोन्हीकडे पाया २ धरून:

लॉग क्ष − लॉग ३ = ४
लॉग क्ष ÷ लॉग ३ = ४

पहिल्यात क्ष/३ = २ चा ४ था घात = १६, म्हणून क्ष = ४८. दुसऱ्यात पाया ३ होतो, क्ष = ३ चा ४ था घात = ८१. सोडवून झालं की मुलांना विचारा: दोन्हीकडे पाया २ ऐवजी १० केला तर कुठलं उत्तर बदलेल? पहिल्यात क्ष ३०००० होतो. दुसऱ्यात ८१ च राहतो, आणि तो का राहतो हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावं.