कुठलं बटण आणि कसली लाइट: डिकोडरमधलं मॅपिंग वेगळं, इफेक्ट वेगळा

डीसीसीवर (मॉडेल रेल्वे डिजिटल हुकुमांनी चालवायची पद्धत) नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो, मी पण अडकलो होतो. लाइट मनासारखी लागत नाही म्हणून सीव्ही (डिकोडरमधल्या आकड्यांच्या सेटिंग) बदलायला बसायचं, आणि दोन तासांनी कळतं की आपण भलत्याच खात्यात पैसे भरत होतो. फंक्शन मॅपिंग आणि लाइट इफेक्ट ही दोन वेगळी खाती आहेत. मॅपिंग ठरवतं की हातातल्या कंट्रोलरचं कुठलं बटण दाबल्यावर डिकोडरचं (इंजिनात बसवलेल्या चिपचं) कुठलं आउटपुट, म्हणजे दिव्याची वायर, चालू होणार. इफेक्ट ठरवतो की ते आउटपुट चालू झाल्यावर दिवा नुसता पेटणार, लुकलुकणार, की हळूहळू उजळणार. बस एवढंच, पण दोन्ही सीव्हीनेच बदलतात म्हणून गोंधळ होतो.

घरातलं उदाहरण घ्या. स्विचबोर्डवरच्या कुठल्या बटणाला कुठला प्लग जोडलाय ते मॅपिंग (पाहुण्यांच्या घरी पंखा लावायला आपण चार बटणं दाबून बघतो ना, तेच), आणि दिवाळीच्या माळेला ती छोटी डबी असते, तिच्यावरचं बटण दाबत गेलं की माळ कधी पळते कधी लुकलुकते, तो इफेक्ट. माळ कुठल्याही प्लगला लावा, डबीवर जे ठेवलंय तशीच ती चालणार. डिकोडरमध्ये पण तसंच, इफेक्ट आउटपुटला चिकटलेला असतो, बटणाला नाही. एकच आउटपुट दोन बटणांना जोडलं आणि एका बटणावर स्थिर, दुसऱ्यावर लुकलुक अशी अपेक्षा ठेवली, तर साध्या डिकोडरवर ते होत नाही.

आता माझंच काम सांगतो. एचओचं (१:८७ मापाचं) एक डिझेल इंजिन आपल्या रेल्वेच्या धाटणीचं करायला घेतलं होतं (हो, एचओचा रूळ १६.५ मिमी आणि आपला ब्रॉडगेज १:८७ ला १९ मिमीच्या वर जातो, माहितीये, चालवून घ्यायचं). मला पाहिजे होतं काय, तर पुढे जाताना पुढचा हेडलाइट आणि मागे लाल मार्कर, उलट जाताना याच्या उलट, आणि वर तो पिवळा फ्लॅशर, गाडी अचानक थांबली की शेजारच्या लाइनवरच्या ड्रायव्हरला सावध करायला लावतात तो. पांढरी वायर पुढचा हेडलाइट, पिवळी मागचा, हिरवी पुढचे लाल मार्कर, जांभळी मागचे लाल, आणि फ्लॅशर पाचव्या आउटपुटला. निळी सगळ्यांची कॉमन प्लस.

एनएमआरएच्या (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) पद्धतीत मॅपिंग सीव्ही ३३ ते ४६ मध्ये असतं. एफ म्हणजे कंट्रोलरवरचं फंक्शन बटण; ३३ म्हणजे एफ-० पुढे जाताना, ३४ म्हणजे एफ-० मागे जाताना, ३५ एफ-१, ३६ एफ-२, असं पुढे एफ-१२ पर्यंत. किंमत म्हणजे बेरीज: पांढरी १, पिवळी २, हिरवी ४, जांभळी ८, पाचवं आउटपुट १६. मग सीव्ही ३३ मध्ये १ + ८ = ९, सीव्ही ३४ मध्ये २ + ४ = ६, आणि फ्लॅशर एफ-१ वर हवा म्हणून सीव्ही ३५ मध्ये १६. मी एवढं लिहिलं आणि खूश झालो. मग चुकून एफ-२ दाबलं तर मागचे लाल दिवे पेटले! मी सोल्डरिंग शॉर्ट झालं समजून बॉडी उघडली, भिंग घेऊन बघत बसलो, आणि शॉर्ट बिर्ट काही नव्हतं. सीव्ही ३६ मध्ये मुळातच ८ असतात, म्हणजे जांभळी वायर, आणि ते मी काढलेच नव्हते. तिथे ० लिहिलं, संपलं.

आणखी एक खड्डा. हाच फ्लॅशर एफ-५ वर नेला तर सीव्ही ३९ मध्ये १६ लिहून चालत नाही, कारण एफ-४ पासून एफ-८ पर्यंत मोजणी तीन घरं सरकते, तिथे १ म्हणजे चौथं आउटपुट, त्यामुळे पाचव्यासाठी २ लिहायचे. म्हणूनच पांढरी वायर या टेबलमध्ये एफ-५ वर नेताच येत नाही. ईएसयूच्या लोकसाउंड ५ सारख्या डिकोडरचं मॅपिंगच वेगळं आहे, सीव्ही ३१ आणि ३२ ने आधी पान निवडायचं आणि मग लिहायचं, ते हाताने करू नका, डिकोडर-प्रो वगैरे सॉफ्टवेअर वापरा.

बरं, मॅपिंग झालं तरी फ्लॅशर ठक्क पेटून राहिला होता, कारण लुकलुकणं हे दुसरं खातं. इथे सगळ्या कंपन्यांचा एक नियम नाही. साउंडट्रॅक्स, टीसीएस, डिजिट्रॅक्स यांचे इफेक्ट सीव्ही ४९ पासून सुरू होतात, झिमोचे १२५ पासून, म्हणजे झिमोवर पाचव्या आउटपुटला १२९. आकडे मॅन्युअल बघूनच टाका, दुसऱ्या कंपनीचा आकडा टाकून मार्स लाइट (अमेरिकन इंजिनांवरची डोलणारी लाइट) आली तर तक्रार करू नका.

बिघाड कुठे आहे ते शोधायचं असेल तर आधी सगळे इफेक्ट साधे करा (बहुतेक ठिकाणी ०) आणि मग एकेक बटण दाबून कागदावर लिहा कुठला दिवा लागतो. मेन ट्रॅकवर प्रोग्रॅम केलं तर समोर दिसत पण राहतं. भलताच दिवा लागला तर मॅपिंग, दिवा बरोबर पण वागणूक चूक तर इफेक्ट.

याच्या बाहेरचा एक प्रकार आहे आणि तो अगदी इफेक्टसारखाच दिसतो: वेग एकेक पायरीने वाढवला की हेडलाइट चालू-बंद-चालू-बंद. हे ना मॅपिंग ना इफेक्ट. डिकोडर १४ स्पीड स्टेपवर (वेगाच्या पायऱ्यांवर) आहे आणि कमांड स्टेशन (रुळावर हुकूम पाठवणारी पेटी) २८ पाठवतंय. सीव्ही २९ मध्ये २ मिळवा, छोट्या अ‍ॅड्रेसला (इंजिनाच्या छोट्या नंबरला) साधारण ६ असतात.

आणि वैतागून सीव्ही ८ मध्ये ८ लिहून रीसेट मारणार असाल तर आधी सगळे आकडे लिहून ठेवा, दोन्ही खाती एकदम साफ होतात. अ‍ॅड्रेस पण जातो. मी अर्धा तास इंजिन मेलं म्हणून रडत होतो, ते बिचारं रीसेटनंतरच्या ३ नंबरवर उभं होतं.