शालेय कला व संगीत शिक्षणाचा सरकारी निधी (बेळगाव सीमाभाग)

शाळेत चित्रकला, गायन, वादन, नृत्य आणि नाट्य शिकवण्यासाठी केंद्र व राज्य सरकार जो पैसा देते, तो कर्नाटकातील बेळगाव सीमाभागात, विशेषतः मराठी माध्यमाच्या शाळांत, कोणत्या वाटांनी येतो याची ही नोंद आहे. सीमाभाग म्हणजे येथे मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या बाजूचा मराठीभाषक पट्टा. महसुली जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत.

‘कला’ असे वेगळे खाते शाळेच्या जमाखर्चात शोधू गेले तर सहसा हाती लागत नाही. पैसा येतो तो जागेच्या रूपाने. शिक्षकाची मंजूर जागा असेल तर पगार, आणि पगार असेल तरच खरा तास. सीमाभागातील बरीच मराठी हायस्कुले खासगी संस्था चालवतात आणि शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो. अशा शाळेतले ड्रॉइंगचे सर निवृत्त झाले की ती जागा भरायला सरकारची परवानगी लागते. परवानगी येईपर्यंत वेळापत्रकात ‘चित्रकला’ तशीच राहते आणि त्या तासाला गणिताचा मागे पडलेला धडा पुरा होतो. मुलांचीही तक्रार नसते. सवय झालेली असते. संगीताची स्थिती याहून नाजूक, कारण संगीत शिक्षकाची जागा मुळातच थोड्या शाळांच्या वाट्याला आलेली.

कायदा याबाबत मुका नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असलेल्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षक द्यावेत, असे म्हटले आहे. इथेच सीमाभागातल्या मराठी प्राथमिक शाळांची अडचण होते. गाव लहान, वस्ती कन्नड आणि मराठी शाळांत विभागलेली, त्यात इंग्रजी माध्यमाची पिवळी बस दारात येऊन उभी राहते. पटावर शंभराचा आकडा गाठणे अवघड, आणि आकडा नाही तर कलेच्या शिक्षकावर हक्कही नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने (२००५) दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा अशी शिफारस केली होती. पण कर्नाटकच्या ६२५ गुणांच्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या सहा विषयांमध्ये चित्रकला नाही आणि संगीतही नाही. ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही, ही शाळांची जुनी रीत आहे.

साहित्याचा खर्च भागतो तो समग्र शिक्षा योजनेच्या एकत्रित शाळा अनुदानातून. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिचा भार केंद्र आणि कर्नाटक ६०:४० या प्रमाणात उचलतात. अनुदान पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर घालायचा असतो. उरलेल्यात विजेचे बिल, खडू, रजिस्टरे, फुटलेली कौले. अठ्ठावीस मुलांच्या शाळेत हिशोब मांडून पाहावा: हजार रुपये स्वच्छतेला गेले, उरलेल्या नऊ हजारांत वर्ष काढायचे. तबल्याची पुडी फाटली तर ती बदलावी की पावसाआधी कौले फिरवावीत, हा प्रश्न शाळा सुधारणा समितीपुढे, म्हणजे एसडीएमसीपुढे, आला तर कौले जिंकतात. समितीला दोष देता येत नाही.

सरकार कलेवर दिसेल असा खर्च करते तो स्पर्धांवर. या शतकाच्या सुरुवातीपासून कर्नाटकात ‘प्रतिभा कारंजी’ भरते. (कन्नडमधली ‘कारंजी’ म्हणजे आपले कारंजे, पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी पोराला मात्र दिवाळीची करंजीच आठवते.) क्लस्टर (आसपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, राज्य अशी तिची चढण असते, गायन, चित्रकला, रांगोळी, मातीकाम, अभिनय असे प्रकार असतात. केंद्राचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी होतो. दोन्हींनी गुणी मुले पुढे आणली, हे खरेच. पण स्पर्धा ही शिकवणीची परीक्षा असते, शिकवणी नव्हे. शाळेत संगीताचा तासच होत नसेल तर व्यासपीठावर चढते ते घरी किंवा क्लासला शिकलेले मूल, आणि बक्षिसाची ढाल मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीत लागते.

परीक्षांच्या बाबतीत सीमाभाग दोन राज्यांच्या मधोमध आहे. मुंबई इलाख्याच्या काळापासून इथल्या मुलांना चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा ठाऊक आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि परीक्षाही त्या राज्याच्या झाल्या. आज कर्नाटकात ‘लोअर’ आणि ‘हायर’ असतात, तर तिकडे कोल्हापुरात ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’. महाराष्ट्रात ग्रेड मिळाली की दहावीच्या निकालात जादा गुण धरतात. निपाणीच्या मुलाचा मामेभाऊ कागलला असेल तर सुट्टीत हा हिशोब हमखास निघतो. संगीतात कर्नाटक राज्याच्या ज्युनियर, सीनियर, विद्वत या परीक्षा कर्नाटकी आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही पद्धतींत होतात. शहरातल्या क्लासांमधली बरीच मराठी मुले मात्र अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या वाटेने जातात. तिथे परीक्षेची फी पालक भरतात, सरकार नाही.

हा प्रदेश कलेला दरिद्री नाही, म्हणून ही ओढाताण अधिक डोळ्यांत भरते. ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व १९२४ साली सुळेभावीत, कन्नड घरात जन्मले आणि मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार घडला. गुरू, नाटक कंपनी, खासगी वर्ग यांनी ही माणसे घडवली. सरकारी शाळेचा वाटा त्यात शोधावाच लागतो.

खेड्यात आजही ते काम भजनी मंडळ करते. टाळ धरायला आणि ठेका ओळखायला मूल देवळात शिकते, लेझीम आणि झांज गणपतीच्या मिरवणुकीत. शाळेच्या गॅदरिंगला पेटी लागते तेव्हा आदल्या संध्याकाळी दोन मुले देवळात जातात आणि मंडळाच्या बुवांकडून ती उसनी आणतात. एक पुढून धरतो, दुसरा मागून, आणि भात्यात धूळ जाऊ नये म्हणून वर कुणाच्या तरी आईचे जुने लुगडे टाकलेले असते. शाळेचीही एक पेटी असते कधी कधी. ती कपाटात असते, तिच्या तीन पट्ट्या दबलेल्या राहतात, आणि डेडस्टॉक रजिस्टरात ती दरवर्षी न चुकता मोजली जाते.