उघड्यावरचं इंजिन आपोआप थंड राहतं?

जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागे बसवून घरीच तीनचाकी बांधणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: इंजिन उघड्यावर आहे, वारा लागतोच, मग भोवतीचे पत्रे कशाला? पत्रे काढले की क्रोम झकास दिसतं, एवढंच त्यात खरं.

हे इंजिन हवेवर थंड होतं, पण नुसत्या वाऱ्यावर नाही. बेल्टवर फिरणारा पंखा हवा खेचून आवरणातून दाबाने सिलिंडरच्या फिन्सवरून (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवरून) खाली ढकलतो. तेल थंड करणारा ऑइल कूलरही त्याच वाटेत. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवायचं काम पत्र्यांचं. ते नसले की पंखा तीच गरम हवा पुन्हा गिळतो. आणि सिग्नलला उभं राहिल्यावर वारा आणणार कुठून?

म्हणून इंजिन तापलं तर आधी पत्र्यांमधल्या फटी बुजवा, बेल्टचा ताण बघा, फिन्समधली घाण काढा. मग इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तरी सिलिंडर हेड तापतं. जादा ऑइल कूलरचा खर्च सगळ्यात शेवटी. तेल मावतं जेमतेम २.५ लिटर, तेव्हा पातळी मात्र वरचेवर बघा.