गरोदरपणातलं घोरणं: आवाज किती यापेक्षा सुरू कधी झालं ते सांगा

आपल्याकडे कोकणात पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते, नवरा नोकरीसाठी मुंबईला, आणि रात्री ती घोरायला लागली की आई म्हणते दमलीय पोर, झोपू दे. पण हे घोरणं जुनंच आहे की आता नव्याने लागलंय हे आईला माहीतच नसतं, आणि डॉक्टरला नेमकं तेच कळायला हवं. म्हणून सरळ जावयाला फोन लावून विचारा, यात लाजायचं काहीच नाही.

अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १,७०० च्या वर गरोदर बायकांचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये छापून आला. त्यात साधारण ३४ टक्के जणी घोरत होत्या आणि २५ टक्के जणींचं घोरणं गरोदरपणातच सुरू झालेलं. बीपी वाढणं आणि प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून किडनीसारख्या अवयवांवर ताण येतो तो आजार) यांचा जास्त संबंध दिसला तो या नव्याने घोरणाऱ्यांशी. घोरण्यामुळेच बीपी वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, पण बीपी तपासायला एवढं कारण पुरे.

होतं काय, तर इस्ट्रोजेन वाढतं, अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्याने नाकाच्या आतलं अस्तर सुजतं आणि सर्दी नसताना नाक चोंदतं, त्यात वजन वाढलेलं, घशातली वाट अरुंद झालेली, मग हवा जोरात ओढली जाते आणि पडजीभ, टाळूचा मऊ भाग थरथरतो, तोच आवाज.

आता आवाजाचं, तो मोबाईलवरच्या अ‍ॅपने डेसिबलमध्ये (आवाज मोजायचं एकक) मोजता येतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, आणि १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली, कानाला मात्र साधारण दुप्पटच वाटतं. मोबाईल उशीशी ठेवला की आकडा मोठा, खोलीच्या दाराशी ठेवला की लहान, आणि पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळत असली तर काहीच कळणार नाही, म्हणून मी तरी अ‍ॅपच्या आकड्यावर जास्त विसंबणार नाही. खूप मोठ्याने घोरणाऱ्यांत स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबण्याचा आजार) जास्त सापडतो हे खरं, पण हळू घोरणारीलाही तो असू शकतो. ऐकायचं ते मधलं थांबणं: घोरता घोरता एकदम शांत, श्वासच नाही, आणि मग धापकन दचकून श्वास. असं रोज होत असेल आणि दिवसभर डोळे मिटत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. झोपेची तपासणी गरोदरपणातही करता येते, आणि गरज पडली तर सीपॅप मशीनही (मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावतात, ते या दिवसांत सुरक्षित समजलं जातं. तोपर्यंत कुशीवर झोपायचं, डोकं जरा उंच, नाकात साधे सलाईनचे थेंब.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे आशाताईंना किंवा डॉक्टरांना घोरण्याचं आवर्जून सांगा. बीपी १४०/९० किंवा वर निघालं तर ते पुन्हा मोजतात, लघवीतलं प्रोटीनही बघतात. आणि वीस आठवड्यांनंतर डोकं सतत ठणकत असेल, डोळ्यांपुढे धूसर दिसत असेल, पोटात वरच्या बाजूला दुखत असेल, चेहरा किंवा हात एकदम सुजले असतील, तर ९ तारखेची किंवा सकाळची वाट बघू नका, रात्रीच १०८ ला फोन करा.