थ्री प्लस टू की सलग फाइव्ह ॲक्सिस?

ग्राहकाची ‘फाइव्ह ॲक्सिसचं काम कराल का?’ अशी विचारणा आली की मशीन शॉपचा मालक सीएनसी मिलिंग मशीनचे कॅटलॉग चाळायला लागतो. आधी ड्रॉइंग बघावं. फाइव्ह ॲक्सिस म्हणजे तीन सरळ हालचाली (एक्स, वाय, झेड) आणि दोन फिरत्या (रोटरी). पण या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात, आणि विचारणाऱ्यालाही बरेचदा त्यातलं नेमकं कोणतं हवंय ते माहीत नसतं.

थ्री प्लस टूमध्ये दोन रोटरी ॲक्सिस जॉबला (कापायच्या भागाला) हव्या त्या कोनात आणून थांबतात, ब्रेक लागतो आणि कटिंग फक्त एक्स, वाय, झेडमध्ये होतं. सलग फाइव्ह ॲक्सिसमध्ये टूल कापत असतानाच पाचही ॲक्सिस एकत्र हलतात. इंपेलर (पंपासारख्या यंत्रातलं पात्यांचं चाक), टर्बाइनची पाती, ब्लिस्क (चकती आणि पाती एकाच तुकड्यात) अशा वळणदार पृष्ठभागांना त्याशिवाय सहसा गत्यंतर नाही.

हाउसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, तिरकी भोकं असलेले ब्लॉक यांचं मात्र थ्री प्लस टूवर छान भागतं. इथली खरी कमाई सेटअपमध्ये आहे. जॉब सोडून पुन्हा बांधला की दर वेळी डेटममध्ये (मापं जिथून घेतो त्या संदर्भात) थोडा फरक पडतो. एका बांधणीत पाच बाजू निघाल्या तर तो साठत नाही, फिक्स्चरही (जॉब धरायची साधनं) कमी लागतात. शिवाय जॉब कलता करता आल्याने आखूड टूल चालतं. होल्डरबाहेरची लांबी निम्मी केली तर तेवढ्याच जोरात टूल साधारण आठपट कमी वाकतं. बोअरची (भोकाच्या आतल्या पृष्ठभागाची) फिनिश सुधारायला नवीन मशीनपेक्षा हेच कधीकधी जास्त उपयोगी पडतं.

सलग कामाचं गणित वेगळं. रोटरीच्या मध्यापासून 200 मिमीवर 0.001 अंशाची चूक म्हणजे सुमारे 3.5 मायक्रॉन. थ्री प्लस टूमध्येही ती टळत नाही, पण तिथे कोन ठरलेला असतो, तपासून दुरुस्त करता येतो. सलग कामात कोन क्षणोक्षणी बदलतो, त्यामुळे चूकही जागोजागी वेगळी आणि पृष्ठभागावर तिचे पट्टे उमटतात. टूलचं टोक जागेवर ठेवणारी कंट्रोलरची सोय (फानुकवर जी 43.4, सिमेन्सवर ट्राओरी), मशीनला जुळणारा पोस्ट प्रोसेसर (प्रोग्राम त्या मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर), टक्कर दाखवणारं सिम्युलेशन आणि हे सगळं समजणारा प्रोग्रामर, एवढं सगळं लागतं. मशीन कर्जावर येतं, प्रोग्रामर तसा येत नाही.

म्हणून माझं मत असं: हातातल्या चौकशा काढून बसावं आणि कटिंग चालू असताना टूलचा कल बदलावाच लागेल असे जॉब वेगळे काढावेत. थोडेच निघाले तर ते बाहेरून करून घ्यावेत.

तरी पुढे सलग कामाकडे जायचं मनात असेल तर खरेदीच्या वेळीच रोटरीचा ड्राइव्ह (टेबल फिरवणारी यंत्रणा) कोणता ते विचारावं. कंट्रोलरमधला ऑप्शन पुष्कळदा नंतरही घेता येतो. पण वर्म गिअरवरचं टेबल, थांबून कापायला उत्तम असलं तरी, दिशा सतत बदलायला लागली की झिजेबरोबर बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली ढिलाई) दाखवतं. टॉर्क मोटरचं टेबल महाग, पण त्यात गिअरच नसतो.